चौदाच्या पुढे

नेटवर्क बंद पडलं की आधी आपल्याच टोकाची वायर बघावी. दहापैकी सात वेळा दोष आपल्या पायाशी असतो. कुणाचा तरी पाय लागून वायर निघालेली असते आणि आपण लांबच्या माणसांना बोल लावत बसतो. रविवारी सकाळी क्वार्टर्समधली मुलं माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला यायची, त्यांना पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवायचो. त्यावरून सगळा कॅम्प मला मास्तर म्हणू लागला. नोकरी मात्र माझी बोगद्याच्या नेटवर्कची.

डोंगरातून पाणी पलीकडे न्यायचं होतं, त्यासाठी बोगदा खणणं चालू होतं. एकाच बाजूने. दोन हजार एकशे चाळीस मीटर खणून झाले होते. त्याच्या पुढे अखंड दगड.

बोगद्यात दर दीडशे मीटरवर भिंतीला एक लोखंडी पेटी होती. आम्ही तिला बॉक्स म्हणायचो. आत नेटवर्कचं यंत्र आणि एक बॅटरी, बाहेर एक दिवा आणि एक फोन. असे चौदा बॉक्स, सगळे एकाच काचेच्या तारेवर, म्हणजे फायबरवर ओवलेले. दरीत मोबाइल लागत नाही, त्यामुळे क्वार्टर्समधल्या घरांचे फोनही याच तारेवर. ही तार बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या माझ्या केबिनमध्ये येते. तिथला कॉम्प्युटर दर मिनिटाला एकेका बॉक्सला हाक मारतो आणि बॉक्स ओ देतो. हजेरीच म्हणा ना. ओ आली की पडद्यावरचा ठिपका हिरवा, नाही आली की लाल. मुलांना हा खेळ फार आवडायचा. एक मुलगी तर माझ्या मागे उभी राहून प्रत्येक ठिपक्याला 'हजर' म्हणायची.

बिट्टी माझी मुलगी. वय एकोणतीस. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण चणीने लहान म्हणून ती बिट्टीच राहिली. काम माझ्याकडेच शिकली आणि माझ्याच हाताखाली लागली. प्रत्येक बॉक्सच्या यंत्रात नाव लिहायला एक जागा असते. तिथे नंबर आणि तारीख टाकायची, असा नियम. बिट्टी तिथे मनाला येईल ते लिहायची. बारा नंबर सारखा कुरकुरायचा, म्हणून त्याचं नाव 'सासूबाई'. अकराच्या खाली आतले लोक जेवायला बसायचे, म्हणून 'डबा'. चौदावा बॉक्स अगदी टोकाशी. आत चालत जाणारा प्रत्येक जण किती राहिलं विचारायचा, म्हणून तो 'आलंच'. मी दोनदा रागावलो, मग सोडून दिलं. पंप चालवणारा माझा जुना दोस्त, आम्ही त्याला पंपवालाच म्हणतो, रोज सकाळी केबिनमध्ये डोकावून विचारायचा, "काय मास्तर, सासूबाई आज बोलतायत की रुसल्यात?"

त्या मंगळवारी सासूबाई रुसल्या होत्या. बाराचा ठिपका लाल-हिरवा, लाल-हिरवा होत होता. दहाच्या सुमाराला बिट्टीने तिथूनच फोन केला. ती आत होती, सोबत खोदकामाचे चार जण. अशा वेळी आमची एक पद्धत ठरलेली होती. एकाने अलीकडून सुरुवात करायची, दुसऱ्याने पलीकडून, आणि एकेक बॉक्स तपासत एकमेकांकडे यायचं. अर्धा वेळ वाचतो. मी तिला म्हणालो, तू चौदाला जा आणि मागे येत राहा, मी एकपासून आत येतो, मधे भेटू.

"बाबा, तुमचा गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघतो. तू चौदाचं बघ."

मी तिसऱ्या बॉक्सपाशी होतो तेव्हा आधी वारा आला. आवाज नंतर. कानांत दडे बसले, टोपी उडाली आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात समोर नुसती पांढरी भिंत दिसायला लागली. धूळ होती ती. दहा चाळीस झाले होते.

आठ आणि नऊच्या मधे छत कोसळलं होतं. पलीकडे पाच माणसं. बारापासून बाहेरच्या दिशेने तपास, एवढं जरी मी म्हणालो असतो, तरी साडेदहापर्यंत ती आठच्या अलीकडे आली असती. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

फायबर तपासायचं एक यंत्र असतं. ते तारेत उजेड सोडतं आणि तो किती लांबून उलटून आला ते मोजतं. तार कुठे तुटली ते मीटरमध्ये कळतं. मंगळवारी दुपारी त्याने आकडा दिला, एक हजार तीनशे बारा. बरोबर कोसळल्या जागेचा. नऊ ते चौदा लाल. वीज गेलेली आणि बॅटऱ्या आठ तासांच्या, त्यामुळे तार जोडली असती तरी संध्याकाळनंतर तिकडून ओ येणं शक्य नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी केबिन सोडली नाही. दर मिनिटाला हाक जात होती. मी तेवढं बघत बसलो.

घरून दर तासाला फोन यायचा. बिट्टीची आई एकच विचारायची, "लागला का?" मी म्हणायचो, लागेल. ती फोन ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारणं बंद केलं. फोन करायची आणि गप्प राहायची, मी लागेल म्हटलं की ठेवायची.

गुरुवारी वरून भोक पाडायचं मशीन आलं. बोगद्याच्या डोक्यावर एकशे नव्वद मीटर डोंगर. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअरनी, मला आणि पंपवाल्याला नकाशापुढे बसवलं. भला माणूस. तीन दिवसांत दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. त्यांनी समजावून सांगितलं. आतली हवा सहा, फार तर सात दिवस पुरेल. एक भोक पाडायला तीन दिवस. तेव्हा भोक एकच. माणसं ढिगाऱ्याशी येऊन बसली असतील तर नऊपाशी पाडायला हवं, टोकाशी गेली असतील तर चौदापाशी. दोन्हींमध्ये पाऊण किलोमीटरचं अंतर, आणि खाली पडलेल्या माणसाला तेवढं चालता येईलच असं नाही.

"मास्तर, काहीतरी खूण मिळवा," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत. नाहीतर मी नाणं उडवल्यासारखं ठरवणार आहे, आणि ते मला जन्मभर पुरेल."

शुक्रवारी सकाळी सात पन्नासला नऊ नंबर हिरवा झाला.

मी ओरडलो नाही. मुलांना शिकवलेलंच आधी केलं, आपल्या टोकाची वायर बघितली. ती उपटली. नऊ लाल. परत लावली. नऊ हिरवा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसरा लॅपटॉप लावला. केबिनमधलं यंत्र बदलून नवं बसवलं. प्रत्येक वेळी नऊने ओ दिली. मग तपासणीचं यंत्र लावलं. आकडा तोच, एक हजार तीनशे बारा. तार तुटलेली होती आणि तुटलेल्या तारेच्या पलीकडून ओ येत होती.

साडेनऊला दहा हिरवा झाला. मग डबा. मग सासूबाई, एकदाही न कुरकुरता. तेरा. अकरा वाजून पाच मिनिटांनी आलंच.

मी प्रत्येक बॉक्सवरचा फोन वाजवला. सगळीकडे घंटा जात होती. कुणी उचलला नाही.

साहेब आले, खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. मी तुटलेल्या तारेचं सांगितलं, बॅटऱ्यांचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या कानात एकच गोष्ट गेली. कुणीतरी आत एकेक बॉक्स चालू करत टोकाकडे गेलं आहे. "तुमची मुलगी आहे मास्तर, तिने काहीतरी जुगाड केला असणार," ते म्हणाले. मलाही तेच हवं होतं. बुडत्याला काडी पुरते, मला तर सहा हिरवे ठिपके मिळाले होते. ते म्हणाले, कुठे पाडू? मी म्हणालो, चौदा.

दुपारी दोन वाजता वरून घरघर सुरू झाली. दगडातून ती केबिनच्या फरशीपर्यंत यायची. चहाच्या कपात बारीक वर्तुळं उठायची. मी घरी फोन करून सांगितलं की लागलाय. पलीकडे बिट्टीची आई रडली. पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी चौदाच्या खाली आणखी एक ठिपका होता. हिरवा. पंधरा.

पंधरा नंबरचा बॉक्स आम्ही बसवलाच नव्हता. तो बसवायला जागाच नव्हती. मी त्याचं नाव उघडून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'पुढे मोकळं'.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक कायमचा नंबर मिळालेला असतो. जगात दोन यंत्रांना एकच नंबर नसतो. मी पंधराचा नंबर कागदावर उतरवला आणि स्टोअरमध्ये गेलो. तिथे फळीवर सहा नवे बॉक्स होते, पुढच्या खोदकामासाठी आणलेले. खोकी सीलबंद. पहिल्याच खोक्यावर तो नंबर छापलेला होता. मी सील फोडलं. आत बॉक्स होता. थंडगार, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, त्याच्या पोटात बॅटरीही घातलेली नव्हती. झाकणाच्या आत तोच नंबर.

मी तसाच खोक्याशेजारी फरशीवर बसलो. असाच प्रकार साध्या कारणाने आमच्याकडे एकदा घडला होता. गेल्या वर्षी माझ्याच चुकीने दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला. एक हाक मारली की दोघं ओ द्यायची, आणि सगळं नेटवर्क वेड्यासारखं वागायला लागलं. बिट्टीने विचारलं होतं, बाबा, दोघंही तोच पत्ता सांगत असतील तर खरा कुठला धरायचा? मी म्हणालो होतो, जो जवळ आहे आणि आधी ओ देतो तो. यंत्रं तसंच करतात. मला तेव्हा ते उत्तर फार सोपं आणि छान वाटलं होतं.

मी केबिनमध्ये परतलो तेव्हा सोळा हिरवा होता. नाव होतं, 'कोरडं'. तपासणीचं यंत्र लावलं. आता ते एक हजार तीनशे बारा म्हणत नव्हतं. दोन हजार चारशे चार म्हणत होतं. तार जोडली गेली असं धरलं, तरी बोगदा दोन हजार एकशे चाळीसलाच संपतो. पुढे न्यायला आत तारच शिल्लक नव्हती.

मी पंपवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने सोळा ठिपके बोटाने मोजले, दोनदा. एरवी हा माणूस मयताच्या घरीही विनोद करील. त्या दिवशी म्हणाला, "मास्तर, घरी जाऊन दोन तास झोपा." मग दाराशी थांबून म्हणाला, "साहेबांना आत्ता हे दाखवू नका. चौदापाशी भोक चाललंय ना, ते चालू दे. ते थांबलं तर चार घरं आणखी आहेत."

तो बरोबरच बोलत होता. पण रविवारी सकाळी सतरा आला. नाव, 'चालायला सोपं'. ती पुढे चालली होती. ज्या जागी भोक पडणार होतं तिथून ती दर काही तासांनी दीडशे मीटर लांब जात होती, आणि जागा दाखवणारा मीच होतो. मला राहवलं नाही. मी डोंगर चढून मशीनपाशी गेलो. गुडघ्याने वाटेत तीनदा बसवलं. साहेबांना म्हणालो, मशीन पुढे हलवा, साडेचारशे मीटर. नंतर कदाचित आणखी.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तिथे काय आहे?"

मी पुढच्या चढाकडे बोट केलं.

"तिथे आपण खणलंच नाहीये. नुसता डोंगर आहे तिथे. माणसं दगडात राहत नाहीत हो." मग त्यांनी हळूच विचारलं, की शुक्रवारचे ते ठिपके तरी खरे होते ना? नाही म्हटलं असतं तर मशीन तिथेच थांबलं असतं. मी म्हणालो, खरे होते. आणि खाली उतरलो.

केबिनमध्ये आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. अठरा हिरवा झाला होता.

मी नाव उघडलं. 'बाबा भेटले'.

मी ते किती वेळ वाचत बसलो, सांगता येणार नाही. मग अठराचा फोन वाजवला. चार वेळा घंटा गेली. पाचव्यांदा कुणीतरी उचलला.

"हॅलो," बिट्टी म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. शेजारच्या खोलीतून बोलावी तसा. मागे पावलं वाजत होती, चार-पाच माणसांची, न थांबता. मी तिचं नाव घेतलं. लागलं का विचारलं. ती म्हणाली, नाही, सगळे ठीक आहोत, भूकसुद्धा लागत नाही. चौदाच्या पुढे रस्ता आहे, तो कुणी कधी पाहिलाच नव्हता. रुंद आणि कोरडा. आम्ही एकेक बॉक्स तपासत चाललोय.

मी म्हणालो, बिट्टी, मागे फिर. चौदापाशी वरून भोक पाडतायत. उद्या दुपारी पोचेल. तिथे जाऊन बसा.

"मागचे सगळे लाल आहेत," ती म्हणाली. "मागून कुणीच ओ देत नाही."

"मी देतोय ना."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी. बाबा."

पावलं थांबली. सगळ्यांची.

"बाबा पुढे आहेत," बिट्टी म्हणाली. "बाबा आमच्या पुढे चाललेत. बॅटरी त्यांच्याच हातात आहे."

मी तिला समजावलं. सावकाश, लहानपणी समजावत असे तसं. मी बाहेर आहे, केबिनमध्ये. छत पडलं तेव्हा मी तिसऱ्या बॉक्सपाशी होतो. मी आत आलोच नाही, बाळा. मला येताच आलं नाही. तिला पटेना. तेव्हा मी आम्हा दोघांनाच माहीत असलेली गोष्ट सांगितली. सातव्या वर्षी तिने माझं घड्याळ उघडून त्याचं एक चाक गिळलं होतं. आईला कळू नये म्हणून आम्ही दोघं चार दिवस चोरासारखे वागत होतो.

मग फोन तोंडापासून लांब धरून तिने कुणाला तरी काही विचारलं.

लांबून कुणीतरी खोकलं. दोन लहान खोकले आणि एक मोठा. तीस वर्षं फाटकात शिरताना मी असाच खोकतो. घरात सगळे त्याला माझी घंटा म्हणतात.

बिट्टी फोनवर परत आली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण ती घाबरली होती ती माझ्यामुळे.

"तेही चाकच म्हणाले," ती म्हणाली. "कुठल्या बोटात टोचलं होतं, तेही म्हणाले."

"बिट्टी, त्याचा चेहरा बघ. उजेड त्याच्या तोंडावर पाड."

"दोघं एकच पत्ता सांगत असतील तर जवळ असेल तो खरा धरायचा," ती म्हणाली. कुणाकडून तरी पाठ करून घेतल्यासारखी. "तुम्ही पुन्हा फोन करू नका."

उरलेला दिवस आणि रात्रभर मी अठरावरचा फोन वाजवत होतो. घंटा जायची, कुणी उचलायचं नाही. सोमवारी पहाटे उजाडताना एकोणीस हिरवा झाला. नाव, 'फोन घ्यायचा नाही'.

मी माणूस म्हणून जे जे करता येईल ते केलं. अठरा आणि एकोणीसच्या यंत्रांत इथून शिरून नावं बदलली. तिथे लिहिलं, मागे ये. मिनिटभराने नाव पूर्ववत व्हायचं. पुन्हा लिहिलं. असं शंभर वेळा तरी केलं असेल. शेवटी पलीकडून दार लावून घेतल्यासारखं यंत्राने मला आत घेणंच बंद केलं. स्टोअरमधले सहाही बॉक्स मी फोडून ठेवले होते, जमिनीवर ओळीने. पंधरापासून एकोणीसपर्यंतचे पाच नंबर जुळले होते. सहावा उरला होता.

दुपारी तीन वाजता घरघर थांबली. फरशी एकदम शांत झाली.

पंपवाला मला हाताला धरून वर घेऊन गेला. भोकातून कॅमेरा सोडला होता. तंबूतल्या पडद्याभोवती बाकी चार घरची माणसं उभी होती, फक्त बिट्टीची आई नव्हती. कॅमेरा गोल फिरत खाली गेला आणि बोगद्यात उतरला. हवा स्वच्छ होती. छत शाबूत. साहेबांनी माइकमधून हाक मारली, प्रत्येकाच्या नावाने, पाच वेळा.

भिंतीवर चौदावा बॉक्स दिसला. दिवा विझलेला. त्याच्याखाली जेवणाचे पाच डबे, झाकणं लावून, ओळीने ठेवलेले. माणूस एकही नाही. कॅमेरा टोकाकडे वळला. समोर दगड होता, खोदकामाच्या खुणांसकट, जसा त्या मंगळवारी सोडला होता तसा. त्यात बोटभर फट नव्हती. भिंतीवरची तार चौदापासून पुढे निघत होती. ती सरळ त्या दगडापर्यंत जाऊन टेकलेली दिसत होती. टोक दिसत नव्हतं.

साहेबांनी तो भाग तीनदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तार दगडात शिरली आहे हे मला दिसलं तसं त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

मी तिथून निघून केबिनमध्ये आलो. दुसरं काही मला येतच नव्हतं.

वीस हिरवा झाला होता.

नाव उघडलं. 'आईला कळवलं'.

मी घरचा फोन लावला. लागत नव्हता. दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं चालू होतं. पुन्हा लावला. तेच. केबिन उघडी टाकून मी क्वार्टर्सकडे निघालो. अंतर फार नाही, एरवी दहा मिनिटं. ऊन अजून कडक होतं. अंगणाअंगणांत वाळत घातलेले कपडे होते. रविवारच्या वर्गातली ती 'हजर' म्हणणारी मुलगी पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे, आणि उठून आत गेली.

आमचं दार बंद होतं. आतून बिट्टीच्या आईचा आवाज येत होता. किती दिवसांनी ती अशी मोकळी बोलत होती. मधेच हसली. बिट्टीला स्वेटर घालायला सांगा म्हणाली. सगळ्यांना घेऊन सावकाश या म्हणाली.

मी कडी वाजवली. म्हटलं, "अगं, मी आहे. दार उघड."

आतलं बोलणं थांबलं.

पावलं दारापर्यंत आली, मागोमाग फोनची लांब वायर घासत. मला तिचा श्वास ऐकू येत होता, एका फळीच्या अंतरावर. मी पुन्हा तिला हाक मारली, तिच्या माहेरच्या नावाने, जे इथे मी एकटाच घेतो.

तिने वरचा बोल्ट सरकवून आतून लावला. मग खालचाही.

आणि फोनमध्ये, अगदी हळू, म्हणाली, "आलाय. तुम्ही म्हणालात ते खरं आहे हो. आवाज अगदी तुमचाच आहे."